वेल्डन जॅरेलचा सॉन्कर

वेल्डन जॅरेलने उभा जन्म खाणीत ग्रॅनाइट फोडला, घराचं छप्पर स्वतःच्या हातानं घातलं, दोन ट्रॅक्टर सुटे करून पुन्हा जोडले. पण ओव्हनचं बटण कुठल्या अंगाला फिरवायचं, हे मात्र म्हातारपणी त्याला शेजारच्या मोझेल हायटला फोन करून विचारावं लागलं.

"उजवीकडे," मोझेल म्हणाली. "पण आधी उघडून बघ हो. झेल्मा तिचे तवे त्यातच ठेवते."

हे तिनं जरा उशिरा सांगितलं. ओव्हन पेटवून झाला होता, आणि तव्यांवर ठेवलेल्या एका प्लास्टिकच्या झाकणाचा चिखल होऊन तो खाली टपटपत होता. वेल्डनने एक अस्सल खाणीतली शिवी हासडली. मग मागं वळून पाहिलं. चाकाच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको झेल्मा त्याच्याकडे बघत होती.

"या, बसा," झेल्मा म्हणाली.

वसंतात डॉगवुडच्या झाडांना फुलं येत असताना तिच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली; म्हणजे तेवढे दोन शब्द सोडून सगळी गेली. आमच्या सरी काउंटीत ओसरीवर कुणाचं पाऊल वाजलं, की घरातली बाई चुलीपाशी असो नाहीतर पाळण्यापाशी, तिच्या तोंडून आपसूक "या, बसा" निघतं. झेल्माच्या तोंडून ते जन्मभरात इतक्या वेळा निघालं होतं, की बाकी सगळं पुसलं गेलं तरी ते राहिलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. आता पाय दुखला तरी "या, बसा", उशी नको असली तरी "या, बसा", आणि वेल्डनवर ती चिडली की दात खाऊन "या! बसा!" त्या शब्दांतून तिला काय म्हणायचंय ते तिच्या डोळ्यांवरून ओळखायचं, आणि वेल्डनला डोळे वाचायची सवय नव्हती. सगळा संसार झेल्मानं बोलून केला आणि यानं हुं हुं करून.

खरी अडचण बोलण्याची नव्हती. झेल्मा खात नव्हती.

हॉस्पिटलमधल्या गिळणं शिकवणाऱ्या बाईनं निघताना वेल्डनला समोर बसवून बजावलं होतं. पाणी, दूध, पातळ काहीही नको, ते चुकीच्या नळीत जाऊन फुप्फुसात उतरतं. भुरभुरीत, कणीदार काही नको, तेही तसंच. जे द्याल ते शिऱ्यासारखं मऊ, एकजीव आणि दाट. वेल्डननं मान डोलावली होती. घरी आल्यावर त्यानं डब्यातला सफरचंदाचा गर दिला, उकडून घोटलेले बटाटे दिले, हॉस्पिटलनं दिलेली ती राखाडी पावडर कालवून दिली. झेल्मा ओठ मिटायची. जबरदस्ती केली तर दोन चमचे जायचे, तिसऱ्याला ती डोकं भिंतीकडे फिरवायची. दंडाची कातडी लोंबायला लागली. लग्नातली अंगठी बोटातून घसरून पडायची, म्हणून वेल्डननं ती दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधली.

मुलगी ग्लेंडा शार्लटहून दर रविवारी येई. ती बँकेत मोठ्या जागेवर होती आणि तिचं बोलणंही तसंच होतं, मुद्देसूद.

"डॅडी, वजन बघितलंत तुम्ही तिचं? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? पुढच्या वेळेला याहून उतरलं तर पोटात नळी बसवावी लागेल. आणि नळी बसली की तुम्हाला एकट्याला घरी जमायचं नाही."

"जमेल."

"तुम्हाला साधा ओव्हन लावता येत नाही!"

"लावला मी परवा," वेल्डन म्हणाला. झाकणाचा विषय त्यानं काढला नाही.

"मी वैरीण आहे का तिची? मी मुद्दाम करतेय का हे?" ग्लेंडाचा आवाज फुटला. "तिकडे केअर होममध्ये चोवीस तास माणसं असतात."

झेल्मा त्या घरातून गेली, तर आपण त्या घरात नेमकं काय करायचं, हे वेल्डनला समजत नव्हतं. आणि हे मुलीला सांगायची त्याला लाज वाटत होती. त्यानं मनाशी ठरवलं, की हिला खायला घालायचं. आणि झेल्मा जॅरेलला खायला घालायचं म्हणजे दुसरं काय घालणार? सॉन्कर!

सॉन्कर म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. आणि डोंगर ओलांडून पलीकडे गेलात तर हा शब्दच कुणाला ठाऊक नसतो. हातभर लांब, वीतभर खोल असा पत्र्याचा ट्रे घ्यायचा, आत पिठाची पारी अंथरायची, त्यावर ऋतूत जे असेल ते फळ, वर पुन्हा पारी, आणि भाजायचं. फळ थोडं आणि तोंडं फार, अशा दिवसांत निघालेला हा प्रकार आहे. तंबाखू काढायला वीस माणसं आली तरी एका ट्रेमध्ये भागावीत. पारी एक की दोन, साखर की काकवी, यावरून आमच्याकडे सख्ख्या बहिणींनी बोलणं टाकलेलं आहे. पण रताळ्याचा सॉन्कर म्हटला की भांडण मिटायचं. तो झेल्माचाच. मोज्यांच्या गिरणीतून आठ तास उभं राहून आली, तरी ती चर्चच्या जेवणासाठी शनिवारी तो करायचीच. चकत्या उकडलेल्या पाण्यातच साखर आणि लोणी, मधेमधे पारीच्या पट्ट्या, आणि भाजून निघाल्यावर वरून दूध-साखरेचं दाट डिप ओतून पुन्हा आत. रविवारी लोक भाषण संपायच्या आधी मागच्या बाकांवर सरकून बसायचे, ट्रेच्या जवळ. पाद्रीबुवांनासुद्धा ते कळायचं आणि ते उपदेश आवरता घ्यायचे.

आतलं रताळं मऊ, दाट, एकजीव. गिळणं शिकवणारीच्या नियमात चपखल बसणारं. वेल्डनला वाटलं, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही?

पण करायचा कसा? झेल्मानं कधी कुठं काही मोजलं नव्हतं. वेल्डनने मोझेललाच विचारलं.

"मी काकवी घालते," मोझेल म्हणाली. "झेल्मा साखर. किती ते देवाला माहीत. पण तुला रे एकदम सॉन्करचे डोहाळे कुठून लागले?"

"लागले," वेल्डन म्हणाला आणि फोन ठेवला. बायकोसाठी रांधतोय, असं एका बाईला सांगायचं म्हणजे त्याला अवघड वाटत होतं.

पहिला सॉन्कर रताळ्यांची सालं काढायची राहिल्यामुळे वाया गेला. दुसऱ्याची पारी इतकी टणक झाली की वेल्डनला आपल्या खाणीची आठवण आली. त्याच्या आतलं रताळं खरवडून, घोटून त्यानं झेल्मापुढे चमचा धरला. तिनं वास घेतला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"या! बसा!"

"बरं बरं, चुकलं असेल काही. सांग मला, काय चुकलं?"

मग त्याला युक्ती सुचली. तिला बोलता येत नाही, पण मान तर हलते! त्यानं खुर्ची ओट्यापाशी आणली, कपाटातलं एकेक काढून तिच्यासमोर धरायला लागला.

"जायफळ?" झेल्मानं मान डोलावली. वेल्डन खूश झाला. "दालचिनी?" डोलावली. "मीठ घालायचीस का गं तू?" डोलावली. "मिरपूड?" वेल्डन जरा थबकला, पण मान स्पष्ट डोलली होती. त्याला वाटलं, हेच ते गुपित असणार, म्हणूनच मोझेलला कधी जमलं नाही. व्हिनेगरलाही होकार आला. त्यानं सगळं घातलं. ओव्हनमधून जो दर्प आला, त्यानं ओसरीवर झोपलेलं कुत्रं उठून गोठ्यामागे गेलं.

वेल्डन चमचा जिभेवर ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिला. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"झेल्मा, तुझं नाव मोझेल आहे का?"

झेल्मानं मान डोलावली.

"मी तुझा सासरा का?"

तिनं पुन्हा डोलावली, आणि डोळ्यांत पाणी आणून, फार आर्जवानं म्हणाली, "या, बसा."

तेव्हा वेल्डनच्या ध्यानात आलं, की हिचा होकार म्हणजे होकार नाही आणि नकार म्हणजे नकार नाही. आत सगळं जागच्या जागी आहे, तिला सगळं कळतंय. पण बाहेर यायची एकही वाट उघडी नाही. तो तिचा जिवंत हात हातात घेऊन बसून राहिला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

तरी त्यानं हट्ट सोडला नाही. तो आठवडाभर सॉन्करच करत होता. खाणीतला माणूस, एका जागी घाव घालत राहिलं की केव्हातरी दगड उकलतो, एवढंच त्याला ठाऊक. आणि खरं सांगायचं तर त्याचा हात बसतही चालला होता. पारी मऊ व्हायला लागली, डिप फाटायचं थांबलं. शुक्रवारचा ट्रे उघडला तेव्हा त्याला स्वतःलाच तो वास ओळखीचा वाटला. चाखून बघितलं, तर तोच! अगदी झेल्माचा सॉन्कर. म्हातारा घरात एकटाच हसला. वाटीत काढून, घोटून, फुंकून गार करून तो तिच्यापुढे बसला आणि "बघ आता, बघ," म्हणत चमचा तिच्या ओठांना लावला.

झेल्मानं ओठ दाबून धरले. त्यानं चमचा तसाच धरून ठेवला. तिच्या हनुवटीवरून रताळं ओघळलं.

त्याच वेळी मोझेल मागच्या दारानं आत आली. हातात फडक्यात गुंडाळलेला मक्याचा पाव होता. तिनं समोरचं दृश्य पाहिलं आणि दारातच थांबली.

"वेल्डन! अरे, तू हे तिला भरवतोयस?"

"मग कुणाला?"

"मला वाटलं, तुला खायचाय! नाहीतर चर्चसाठी करतोयस." मोझेलनं पाव ओट्यावर ठेवला आणि आधी झेल्माचं तोंड पुसलं. "अरे, रताळं बघवत नाही हिला. लहानपणापासून."

"काहीतरी बोलू नकोस."

"शाळेत माझ्या शेजारी बसायची ना ही! हिचा बाप गेला त्या हिवाळ्यात घरात दुसरं काही नव्हतंच. मातीत पुरून ठेवलेली रताळी सकाळी, तीच दुपारी, तीच रात्री. शाळेच्या डब्यातही तेच. पोरं नाक धरून हिच्याभोवती नाचायची. एकदा वर्गात ओकली ही, आणि त्यानंतर रताळ्याचा घास म्हणून घेतला नाही."

"पण ती तर दर आठवड्याला करायची!"

"करायची. तुझ्या आईला आवडायचा म्हणून करायला लागली. मग तुला, मग सगळ्या गावाला. खिडकी उघडी टाकून करायची, वास सहन व्हायचा नाही म्हणून."

खिडकी वेल्डनला आठवत होती. भर जानेवारीत बाई खिडकी सताड उघडी टाकते आणि लाकडं फुकट जातात, म्हणून तो कित्येकदा तिच्यावर डाफरला होता. ती काही बोलायची नाही.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तू विचारलंस कधी?" मोझेल म्हणाली, आणि लगेच तिला वाईट वाटलं. "आमच्यातही कुठं कुणी विचारतं? बायकांनी वाढायचं नि घरच्यांनी खायचं. जाऊ दे."

"मग तिला आवडतं तरी काय?"

मोझेल विचारात पडली. "हे बघ, मी तिला कधी बसून जेवताना पाहिलंच नाही. चर्चमध्येसुद्धा ती वाढतच असायची. तुला माहीत असणार. नवरा ना तू तिचा?"

वेल्डनने ग्लेंडाला फोन केला. ग्लेंडा म्हणाली, "मम्मीला? सगळंच आवडतं. ती कुठं काय टाकायची?" आणि मग म्हणाली, "डॅडी, मलाही माहीत नाही."

मोझेल गेल्यावर वेल्डननं सॉन्करचा तो आख्खा ट्रे कुत्र्यापुढे नेऊन ठेवला आणि घराच्या सगळ्या खिडक्या-दारं उघडली. टेबलापाशी झेल्माची म्हणून खुर्ची होती. इतक्या वर्षांत तिच्यावर ती टेकलेली त्याला आठवेना. सगळ्यांचं होईपर्यंत ती ओट्यापाशी उभी. मग हा उठून ओसरीवर तंबाखू चघळायला जाई. त्यानंतर आत काय होई, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. असल्या नवऱ्याला काय म्हणावं? बरं, तो वाईट नवरा होता असंही नाही. पिऊन आला नाही, हात उगारला नाही, पगार आणून तिच्या हातात दिला. त्याला स्वतःलाही आजवर तेवढं पुरेसं वाटत होतं.

संध्याकाळी त्याला भूक लागली. रांधायचा जीव उरला नव्हता. त्यानं मोझेलचा पाव एका उंच पेल्यात कुस्करला, वर थंडगार ताक ओतलं, आणि ओट्याला टेकून उभ्यानंच चमच्यानं खायला लागला. खाताखाता त्याचं लक्ष झेल्माकडे गेलं. ती पेल्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडं होतं.

वेल्डनचा चमचा हवेतच राहिला. त्यानं पेला जरा डावीकडे नेला. तिचे डोळे डावीकडे गेले. तिनं जिवंत हात पुढे केला आणि बोटं उघडली. त्याला आठवलं, रोज सकाळी मोरीत एक पेला पालथा असायचा, आतून पांढरट, तळाशी पिवळे कण चिकटलेले. तो तिचा होता तर. सगळं आवरल्यावर, दिवा घालवायच्या आधी, उभ्यानं खाल्लेलं तिचं जेवण.

गिळणं शिकवणाऱ्या बाईचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. पातळ नको. भुरभुरीत नको. आणि या पेल्यात नेमकं तेवढंच होतं.

"हे नाही चालत गं तुला," तो म्हणाला. "दुसरं काहीही सांग."

झेल्माचा हात तसाच पुढे होता. इतक्या महिन्यांत तिनं आपण होऊन काही मागितलं नव्हतं. वेल्डननं काय करायला हवं होतं, ते लोकांनी नंतर त्याला सांगितलं. लोकांना काय जातंय सांगायला? त्यानं पाव ताकात पुष्कळ वेळ भिजू दिला, काट्यानं घोटघोट घोटला, वरचं पातळ ओतून टाकलं, दाट व्हावं म्हणून त्यात ती राखाडी पावडरही कालवली. मग अर्धा चमचा भरला आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन तिच्या तोंडात घातला.

तिनं गिळलं. पुन्हा तोंड उघडलं. वेल्डन मोजत नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते. पेल्याचा तळ लागला तेव्हा झेल्मा हसली. तोंड वाकडं झालं होतं, तरी ते तिचंच हसू होतं. मग ती थोडी खोकली. फार नाही, घसा साफ करावा इतपत. वेल्डननं तिची पाठ चोळली आणि ग्लेंडाला फोन लावून ओरडला, "जेवली! तुझी आई पेलाभर जेवली!" काय जेवली, ते त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. श्वास घरघरायला लागला. हॉस्पिटलमध्ये छातीचा फोटो काढला तर उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा. डॉक्टरांनी विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं.

"डॅडी, तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी," ग्लेंडा म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सांगितलं होतं."

"मग का दिलंत?"

"तिनं मागितलं," वेल्डन म्हणाला. हे उत्तर पुरणार नाही हे त्याला दिसत होतं.

झेल्मा त्यातून वाचली. पोटात नळी बसली. हॉस्पिटलमधून तिला परस्पर केअर होमलाच नेलं. ग्लेंडानं सगळी व्यवस्था चोख केली होती. खिडकीजवळची खाट, भिंतीवर चर्चच्या सहलीचा फोटो. वेल्डन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि टोपी हातात धरून दाराशी उभा होता. तिथली एक तरुण, गोड बोलणारी बाई झेल्माच्या उशाशी बसून एकेक विचारत होती. कुठल्या कुशीवर झोपतात, गाणी ऐकतात का, काय नावानं हाक मारायची. ग्लेंडा उत्तरं देत होती.

"आणि खायला काय आवडतं त्यांना?" बाईनं विचारलं.

"सॉन्कर," ग्लेंडा पटकन म्हणाली. "रताळ्याचा. तिच्या हातचा तर सगळ्या..."

"नाही," वेल्डन दारातून म्हणाला. "ताकात कुस्करलेला मक्याचा पाव. ताक गार पाहिजे. पेल्यातून."

त्या बाईनं नळीकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाली, "पण मिस्टर जॅरेल, ते तर आता त्यांना कधीच देता यायचं नाही."

"ठाऊक आहे मला," वेल्डन म्हणाला. "तुम्ही आवडतं काय ते विचारलंत."

ग्लेंडानं वळून बापाकडे पाहिलं. आपल्या आईला ते आवडायचं, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.